मृत्युपत्र नाही आणि नॉमिनीही जुनाच : जोडीदाराच्या फंडावर दावा कसा करावा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावर आहेत. पती किंवा पत्नीचे निधन झाले, मृत्युपत्र केलेले नाही, आणि निवृत्तीसाठी साठवलेली रक्कम मिळवायची आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे पती पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी कारखान्यात सतरा वर्षे नोकरीला होते. सात महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. २००८ साली नोकरीला लागताना ते अविवाहित होते आणि प्रॉव्हिडंट फंडाला त्यांनी नॉमिनी म्हणून आईचे नाव दिले होते. आमचे लग्न २०११ साली झाले, परंतु नाव बदलायचे राहून गेले. मला अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई गावी थोरल्या दिरांकडे राहतात आणि त्यांना सासऱ्यांच्या पश्चात शिक्षकाची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम मिळते. दीर म्हणतात की, नॉमिनी आई असल्यामुळे फंडाची सगळी रक्कम आईचीच आहे. कंपनीतील अधिकारी म्हणतात की, मृत्युपत्र नाही तर कोर्टातून वारसाचे प्रमाणपत्र आणा, त्याशिवाय फॉर्मवर सही करणार नाही. खात्यात सुमारे नऊ लाख साठ हजार रुपये आहेत. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, पुणे जिल्हा

उत्तर : ताई, आपल्याला सांगण्यात आलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत, आणि दिरांची गोष्ट तर नियमाच्या अगदी उलट आहे.

भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ हिच्या परिच्छेद ६१ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, सभासदाने लग्न झाल्यावर नव्याने नामनिर्देशन करावे आणि लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन रद्द समजले जावे. ते रद्द व्हावे म्हणून कोणी अर्ज करावा लागत नाही की कोर्टात जावे लागत नाही. लग्न झाले त्या दिवसापासूनच ते निरर्थक ठरते. म्हणजे २००८ च्या त्या कागदावर सासूबाईंचे नाव असले, तरी २०११ नंतर त्या कागदाच्या आधारे फंडाच्या कार्यालयाला रक्कम देता येत नाही. आपल्या पतींनी पुढे कधी ऑनलाइन ई-नॉमिनेशन केले होते का, हे मात्र सर्वांत आधी पाहून घ्या, कारण यूएएनच्या (सभासदाच्या कायमच्या फंड क्रमांकाच्या) खात्यात मोबाइलवरून पाच मिनिटांत भरलेले नामनिर्देशन घरी कोणालाच माहीत नसते असे पुष्कळदा घडते. तसे सापडले आणि त्यात आपले नाव असले, तर पुढचा बराचसा मजकूर आपल्याला वाचण्याची गरजच उरणार नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या फंडाबाबत असाच वाद अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतूनच झाली होती. संरक्षण लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याने २००० साली आईचे नाव दिले, २००३ साली लग्न केले, नाव बदलले नाही, आणि २०२१ साली सेवेत असतानाच त्यांचे निधन झाले. मुंबईच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने पत्नी आणि आई यांना समान वाटा दिला, उच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निर्णय दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा कायम केला. त्या फंडाचे नियम आपल्या फंडाहून वेगळे आहेत, त्यामुळे तेथील निम्म्या वाट्याचा हिशेब येथे जसाच्या तसा लावू नये. परंतु कुटुंब आल्यावर जुने नामनिर्देशन संपते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

आता नामनिर्देशन नाही असे धरले, तर रक्कम कोणाची? येथे मृत्युपत्राचा आणि वारसा कायद्याचा प्रश्न पहिल्यांदा येतच नाही. योजनेचा परिच्छेद ७० लागू होतो आणि रक्कम सभासदाच्या 'कुटुंबा'तील व्यक्तींना समान वाट्याने मिळते. पुरुष सभासदाच्या कुटुंबात पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील येतात. इतर सदस्य हयात असतील तर सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली यांना वाटा मिळत नाही. आपली दोन्ही मुले अज्ञान असल्यामुळे ती अट आपल्याला बाधत नाही. वादाचा मुद्दा उरतो तो एवढाच की, सासूबाई आपल्या पतींवर अवलंबून होत्या का. त्या दुसऱ्या मुलाकडे राहतात आणि त्यांना स्वतःचे निवृत्तिवेतन आहे, हे पाहता माझ्या मते त्या अवलंबून नव्हत्या, असे सांगण्याची बाजू भक्कम आहे. तसे ठरले तर नऊ लाख साठ हजारांचे तीन वाटे होतील, म्हणजे आपल्याला आणि प्रत्येक मुलाला तीन लाख वीस हजार. त्या अवलंबून होत्या असे ठरले तर चार वाटे होतील आणि त्यांना दोन लाख चाळीस हजार मिळतील. कोणत्याही हिशेबाने सगळी रक्कम त्यांची होत नाही.

एक गोष्ट सहज लक्षात आली म्हणून लिहितो. आपल्या संपूर्ण पत्रात दीर बोलतात. सासूबाई काय म्हणतात, हे एका ओळीतही नाही. शक्य असेल तर त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. पतींच्या बँकेतील ठेवी आणि इतर मालमत्तेत हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे आणि आपण, दोन मुले व त्या, असे चौघांचे समान वाटे तेथे पडणारच आहेत. तो वाटा आपण नाकारत नाही, हे त्यांना आधीच सांगितले तर फंडाच्या अर्जावर 'मी मुलावर अवलंबून नव्हते' असे त्या स्वतःहून लिहून देण्याची शक्यता वाढते, आणि असे पत्र कार्यालयात शंभर युक्तिवादांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बोलणी होवोत न होवोत, एक काम याच आठवड्यात करा. ज्या क्षेत्रीय कार्यालयात पतींचे खाते आहे, त्या कार्यालयाला एक लेखी अर्ज द्या : पतींचे नाव, यूएएन, मृत्यूची तारीख, लग्नाची तारीख, मुलांची नावे व वये, आणि लग्नापूर्वीचे नामनिर्देशन परिच्छेद ६१ नुसार रद्द झाले असल्याने त्याच्या आधारे कोणालाही रक्कम अदा करू नये, ही विनंती. सोबत मृत्यू दाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले जोडा. अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोस्टाने पाठवला तर रजिस्टर्ड एडीनेच पाठवा. दिरांनी तुमच्या आधी जुन्या कागदावर अर्ज केला आणि तो चुकून मंजूर झाला, तर रक्कम परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तो किती वर्षे चालेल हे सांगण्याचे धाडस कोणताही वकील करणार नाही.

कंपनीच्या मागणीबद्दल. कुटुंबीय कोण आहेत याविषयी वाद नसेल, तर परिच्छेद ७० प्रमाणे रक्कम देण्यासाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही. कुटुंबातील व्यक्तींची खातरजमा करण्यासाठी तहसील कार्यालयाचा वारस दाखला साधारणपणे मागितला जातो, आणि तोही आत्ताच काढून ठेवावा. सासूबाईंच्या बाजूने लेखी हरकत आली तर मात्र कार्यालय रक्कम रोखून धरून न्यायालयाचा आदेश आणायला सांगू शकते. कंपनीचे काम अर्ज साक्षांकित करून पुढे पाठवण्याचे आहे, वारस ठरवण्याचे नाही. लेखी विनंती करूनही सही मिळाली नाही, तर त्या विनंतीची पोच जोडून फंड कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार निवारण व्यवस्थेत तक्रार नोंदवा.

मृत्यूच्या प्रकरणात फंड, निवृत्तिवेतन आणि विमा या तिन्हींसाठी आता एकच संयुक्त दावा अर्ज आहे. अनेक भगिनी फक्त फंडाची रक्कम घेऊन परत येतात, म्हणून उरलेल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यास विधवेला निवृत्तिवेतन मिळते आणि ते दरमहा किमान एक हजार रुपये असते. दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के रक्कम वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत स्वतंत्रपणे मिळते. पत्नी आणि मुले हयात असताना हे निवृत्तिवेतन आईकडे जात नाही, तेव्हा दिरांच्या दाव्याला येथे जागाच नाही. विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचे निवृत्तिवेतन थांबते; मुलांचे थांबत नाही.

दुसरी, फंडाशी जोडलेली विमा योजना, जिला ईडीएलआय म्हणतात. हिच्यासाठी पगारातून काहीच कापले जात नाही, सगळा हप्ता मालक भरतो, आणि त्यामुळेच पगाराच्या पावतीवर तिचा मागमूस नसतो. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या पस्तीस पट रक्कम, पगाराची मर्यादा पंधरा हजार धरून, म्हणजे जास्तीत जास्त पाच लाख पंचवीस हजार. शिवाय फंडातील सरासरी शिलकेच्या निम्मी रक्कम, कमाल एक लाख पंचाहत्तर हजार. दोन्ही मिळून कमाल मर्यादा सात लाखांची आहे. आपल्या पतींचा मूळ पगार पंधरा हजारांच्या वर असेल आणि वर्षभर शिल्लक आठ-नऊ लाखांच्या घरात असेल, तर आपला दावा पूर्ण सात लाखांचा होतो. काही कंपन्यांनी या योजनेऐवजी स्वतःची सामूहिक विमा पॉलिसी घेतलेली असते. तसे असल्यास दावा विमा कंपनीकडे जातो, म्हणून हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा.

ग्रॅच्युइटी ही फंडापासून वेगळी आहे आणि ती कंपनीच देते. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांच्या सेवेची अट लागू नसते. तिचे नामनिर्देशन वेगळ्या फॉर्मवर असते आणि तेथील नियमही फंडासारखा सरसकट नाही, म्हणून तो फॉर्म मागवून पाहिल्याशिवाय त्यावर मत देणार नाही.

कागदपत्रांत सर्वाधिक अडते ते नावावर. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही बदलण्याची रीत आहे, त्यामुळे आधार कार्डावर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर तिसरे नाव असे होते. अर्ज करण्यापूर्वी हे तिन्ही कागद समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकावरही अर्ज परत येतो. पतींच्या नावात किंवा जन्मतारखेत फंडाच्या नोंदीत चूक असेल, तर कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र देऊन ती आधी दुरुस्त करून घ्यावी. मुलांच्या वाट्यासाठी प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र बँक खाते उघडा. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या परिपत्रकानुसार रक्कम अज्ञान मुलाच्या खात्यात थेट जमा होत असेल, तर पालकत्वाचे न्यायालयीन प्रमाणपत्र मागू नये, अशा सूचना आहेत.

परिपूर्ण अर्ज मिळाल्यावर तो वीस दिवसांत निकाली काढण्याचे बंधन कार्यालयावर आहे. सात महिने उलटले म्हणून आपला हक्क बुडालेला नाही. परंतु मृत्यूनंतर छत्तीस महिन्यांत दावाच केला नाही, तर खाते निष्क्रिय होऊन त्यावरील व्याज थांबते.

प्रश्न : माझ्या पत्नीचे गेल्या वर्षी निधन झाले. पोस्टात तिचे पीपीएफ खाते आहे आणि त्यात सहा लाख ऐंशी हजार रुपये आहेत. नॉमिनीचा रकाना कोराच राहिला आहे. आम्हाला दोन विवाहित मुली असून, 'बाबा, सगळे तुम्हीच घ्या' असे दोघी म्हणतात. मुलींचे हक्कसोडपत्र नोटरी करून दिले तर पोस्टाला चालणार नाही का?
— एक ज्येष्ठ वाचक, अहिल्यानगर

उत्तर : चालणार नाही, आणि यात पोस्टमास्तरांचा हटवादीपणा नाही. सरकारी बचत योजनांच्या २०१८ च्या सर्वसाधारण नियमांनुसार नामनिर्देशन नसेल आणि शिल्लक पाच लाखांपर्यंत असेल, तर मृत्यूनंतर सहा महिन्यांनी वारसांचे प्रतिज्ञापत्र, हक्क सोडल्याचे पत्र आणि हमीपत्र यांवर रक्कम मिळते. आपली शिल्लक त्या मर्यादेच्या वर आहे. रकमेपैकी पाच लाख आत्ता आणि उरलेले नंतर, अशी सोय या नियमात नाही. म्हणून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावे लागेल.

घाबरण्यासारखे त्यात काही नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ अन्वये पत्नीचे मृत्यूसमयी जेथे वास्तव्य होते, तेथील दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय जाहीर नोटीस काढते, हरकतींसाठी मुदत देते, आणि मुलींनी शपथेवर संमती दिलेली असेल तर अर्ज बिनविरोध ठरतो. तलाठ्याकडे होणारी वारस नोंद जमिनीसाठी असते आणि येथे ती उपयोगी नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारे वारसा प्रमाणपत्र महाराष्ट्रात अजूनही काढले जाते, परंतु येणे असलेल्या रकमेसाठी १९२५ च्या कायद्याखालचेच प्रमाणपत्र मागावे.

अर्जाच्या परिशिष्टात फक्त पीपीएफ लिहून थांबू नका. प्रमाणपत्र ज्या येण्यांचा उल्लेख असेल तेवढ्यांनाच लागू पडते, म्हणून पत्नीच्या नावावरील मुदत ठेवी, बचत खाते, शेअर, जे काही नॉमिनीशिवाय असेल, ते सगळे खाते क्रमांकासह एकाच यादीत घाला. काही विसरले तर प्रमाणपत्राचा विस्तार करून घेता येतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारखा.

वाट्यांविषयी. हिंदू स्त्रीच्या पश्चात पती आणि मुले हे एकत्र पहिले वारस असतात आणि विवाहित मुलीचा हक्क अविवाहित मुलीइतकाच असतो. म्हणजे आपण तिघे समान वाटेकरी आहात. मुली स्वखुशीने वाटा सोडत असतील तर तो त्यांचा प्रश्न, मात्र जावयांसमोर आणि मुलींसमोर एकदा शांतपणे हा विषय काढून मगच कागद करावा असे मी सुचवीन. नॉमिनी म्हणून एका मुलीचे नाव असते, तरी ती रक्कम एकटीची झाली नसती. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितले, आणि शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतून गेलेल्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले.

खात्यात आता एकही रुपया भरू नका. वारसाला ते खाते पुढे चालवता येत नाही. व्याज मात्र रक्कम मिळेल त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरपर्यंत मिळते, त्यामुळे कोर्टात जाणाऱ्या महिन्यांचे आपले नुकसान होत नाही.

प्रश्न : माझे पती न्यू जर्सीत नोकरीला होते. त्यांच्या कंपनीच्या ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यावर लग्नापूर्वी दिलेले त्यांच्या ठाण्यातील भावाचे नाव तसेच आहे. मृत्युपत्र नाही. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. पैसे भावाला जातील का?
— एक वाचक भगिनी, एडिसन

उत्तर : जाऊ नयेत. खासगी कंपन्यांच्या अशा योजनांना १९७४ चा एरिसा हा संघराज्यीय कायदा लागू होतो आणि त्यानुसार हयात जोडीदार हाच लाभार्थी असतो. दुसऱ्या कोणाचे नाव चालण्यासाठी जोडीदाराची लेखी संमती लागते, आणि तीही नोटरीसमोर किंवा योजनेच्या प्रतिनिधीसमोर दिलेली. काही योजनांमध्ये लग्नाला किमान एक वर्ष झालेले असावे अशी अट असते. ती आपण केव्हाच ओलांडली आहे. योजनेच्या प्रशासकाला मृत्यू दाखल्याची प्रमाणित प्रत आणि विवाहाचा दाखला पाठवून लेखी दावा करा. लग्न महाराष्ट्रात झाले असेल आणि दाखला फक्त मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्या. पतींचे आयआरए (स्वतः उघडलेले वैयक्तिक निवृत्ती) खाते वेगळे असेल, तर हे संरक्षण त्याला नाही. तेथे फॉर्मवरचे नाव आणि राज्याचा कायदा पाहावा लागतो.

रक्कम मंजूर झाल्यावर ती लगेच स्वतःच्या आयआरए खात्यात वळती करण्याची घाई करू नये. जोडीदाराला तशी मुभा आहे आणि बहुतेक सल्लागार तोच मार्ग सुचवतात, परंतु तसे केल्यावर साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढले तर साधारणपणे कराशिवाय दहा टक्के जादा आकारणी लागते. लाभार्थी म्हणूनच खाते ठेवले तर ती आकारणी लागत नाही. पुढील काही वर्षांत घरखर्चासाठी या रकमेतून किती लागेल, याचा अंदाज घेऊन तेवढा भाग लाभार्थी खात्यात ठेवा आणि उरलेला वळता करा; एकाच खात्याचे असे दोन भाग करता येतात.